कॉइल माझ्या खोलीत, युनिट गॅलरीत

५ एप्रिल

आजपासून रोजनिशी. अख्खी नोकरी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. रोज संध्याकाळी शेरा मारून सही ठोकायची सवय. निवृत्त झाल्यापासून हात नुसता शिवशिवतोय. नियम असे की खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं आणि कोणाच्या हाती लागू द्यायचं नाही.

दुपारी कन्येचा फोन. ती आपल्याकडे एसी पाठवते आहे. मागच्या उन्हाळ्यात ही शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली होती, ते तिच्या मनातून जात नाही. मी सांगितलं, चक्कर पाणी कमी प्यायल्यानं आली होती. कन्या म्हणाली, असेल, पण एसी आईसाठी आहे, ती बसते त्या गॅलरीत लावून घ्या.

'आईसाठी' म्हणजे घरासाठी. पोरीला मोजकं बोलायची सवय आहे. अर्थ आपण लावून घ्यायचा असतो.

६ एप्रिल

एसी या विषयाचा सखोल अभ्यास केला. चार व्हिडिओ बघितले, एक शेवटपर्यंत. लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. साफ चूक. एसीचे दोन भाग. आत भिंतीवर लागतं ते कॉइल, बाहेर ठेवतात ते युनिट. कॉइल खोलीतली उष्णता शोषून घेतं आणि युनिट ती दुसरीकडे नेऊन टाकतं. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. किती साधं तत्त्व आहे, पण लाखात एकाला ठाऊक नसेल.

जेवताना हिला समजावून सांगितलं. हिनं विचारलं, मग ती उष्णता नेमकी जाते कुठं? म्हटलं, बाहेर. स्त्रियांना फार तपशिलात नेण्यात अर्थ नसतो.

८ एप्रिल

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून मी त्याला टेपच म्हणतो. न बोलावता आला आणि थेट गॅलरी मोजायला लागला. म्हणाला, सरकत्या काचा आहेतच, वरची फट बुजवली की ताईला छान गार होईल.

मी त्याला शांतपणे वस्तुस्थिती सांगितली. गॅलरीच्या डोक्यावर पत्रा. तीन बाजूंनी काच. तिथं एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. याउलट माझी खोली चारी बाजूंनी पक्क्या भिंतींची. शिवाय माझं पुस्तक. 'योग्य वस्तू, योग्य जागी : भांडार-व्यवस्थापनाची सूत्रे'. आयुष्यभराचा अनुभव डोक्यात तुंबून बसलाय आणि गरमीमुळे बाहेर येत नाही. मेंदूला गारवा लागतो, हे शास्त्र आहे.

तेव्हा कॉइल माझ्या खोलीत. हा निर्णय पूर्णपणे तांत्रिक आहे, याची इथं नोंद व्हावी.

हिला सांगितलं. ही गणवेशाच्या बाह्या जोडत होती. दातांनी दोरा तोडला आणि 'हं' म्हणाली. म्हणजे संमती.

टेप मात्र तोंड वाकडं करून गेला. या माणसाला मी दरवेळी पोटभर जेवू घालतो.

११ एप्रिल

एसी बसला.

मिस्त्री सकाळीच आला. येताक्षणी सामान घेऊन गॅलरीकडे निघाला, कारण कन्येनं त्याला परस्पर फोन करून ठेवला होता. बापावर एवढाही भरवसा नाही. मी त्याला वळवून माझ्या खोलीत आणला. भिंतीला भोक पाडलं, कॉइल लावलं. काम चांगलं चाललं होतं.

प्रश्न युनिटचा आला. मिस्त्री म्हणाला, हे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला ब्रॅकेटवर लावायचं, पण मग पाइप पुरत नाही, वाढवून आणावा लागेल, चार दिवसांनी येतो. चार दिवस. अर्धा एसी भिंतीवर लटकवून मी चार दिवस घामात बसू? मी जागेवर उभा राहून तोडगा काढला. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडेच गॅलरी. गॅलरीतल्या मागच्या भिंतीला टेकून युनिट उभं केलं तर पाइप बरोब्बर पुरतो. काचा सरकवून ठेवल्या की गरम वारा समोरून थेट बाहेर. मध्ये फक्त हिचं मशीन येतं.

मिस्त्री म्हणाला, ताईंच्या पाठीवर येईल सगळा वारा. मी म्हटलं, तात्पुरतं आहे. तो खांदे उडवून म्हणाला, तुमचं घर, तुमची मर्जी.

आता मला सांगा, जो माणूस या विद्येवर पोट भरतो त्यानं ठाम नकार द्यायला नको होता? पण नाही. चुकलं तर खापर आमच्यावर. आजकाल कोणाला जबाबदारी नको आहे.

१२ एप्रिल

काय वर्णावा तो गारवा. दार लावून घेतलं, खुर्ची कॉइलखाली ओढली, कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात पुस्तकाचं नाव लिहिलं. खाली रेघ मारली. पहिल्या प्रकरणावर चिंतन करता करता डोळा लागला, तो थेट चहाला जाग आली. मेंदूला इतकी वर्षं विश्रांतीच नव्हती, हे ध्यानात आलं.

१५ एप्रिल

कन्येचा फोन. आईला बरं वाटतंय का? म्हटलं, उत्तम. घर गार आहे. हे शब्दशः खरं आहे, माझी खोली घरातच येते. मग तिनं आईला फोन द्यायला सांगितला. ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मला दार उघडं ठेवता येईना, गारवा जातो. काय बोलली कळलं नाही.

चेहरा नेहमीसारखाच होता. हेच मला खटकलं.

१९ एप्रिल

यंदा हिनं एका शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलंय. आजवर शेजारपाजारच्यांचे कपडे शिवायची, पडदे शिवायची, बाह्या आखूड करून द्यायची. इतकं मोठं काम पहिलंच. शाळा उघडायच्या आत सगळे शर्ट द्यायचेत. हातातून गेलं तर पुढच्या वर्षी शाळा विचारणार नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला वेळेच्या नियोजनावर चार शब्द सांगितले.

तिनं एक विनंती केली. युनिटच्या वाऱ्यानं कापायचे कागद उडतात, खडूच्या खुणा पुसतात, पाठ भाजून निघते. सकाळी ती शिवत असेल तेवढा वेळ एसी बंद ठेवाल का?

ठेवीन म्हटलं. संसार म्हणजे देवाणघेवाण. उद्यापासून अकरापर्यंत एसी बंद. संकल्प पक्का.

२० एप्रिल

माझा मेंदू सकाळीच चालतो, हे काल लक्षात आलं नव्हतं. नऊला एसी सुरू केला. पुस्तकाच्या नावात सुधारणा : 'योग्य वस्तू, योग्य जागी, योग्य वेळी'.

हिनं पाठीवर ओला पंचा टाकलाय. कल्पक बाई आहे.

२८ एप्रिल

आज हिला पुन्हा चक्कर आली. मशीनवरच डोकं टेकलं. मी झोपेतून ताडकन उठलो. चपला न घालता धावलो, हे मुद्दाम लिहून ठेवतो. हात धरून माझ्या खोलीत आणलं, माझ्या स्वतःच्या पलंगावर झोपवलं, एसी वाढवला. थोड्याच वेळात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणजे एसी योग्य खोलीतच बसवलाय, हे सिद्ध झालं.

मी घाबरलो होतो. हेही लिहायला हरकत नाही.

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी रक्तदाब बघितला, मीठ-साखरेचं पाणी दिलं. मग गॅलरीत गेल्या. मशीनमागच्या स्टुलावर बसून राहिल्या. एसी चालूच होता. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मला विचारलं, तुम्ही कधी तिथं बसून बघितलंत का? म्हटलं, मी शिवत नाही.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या हसल्याही नाहीत.

३० एप्रिल

हिनं विचारलं, मशीन तुमच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवू का? शाळा उघडेपर्यंतच. मी अजिबात नाही म्हणालो नाही. म्हटलं, विचार करू. आणि खरोखर विचार केला. कोपऱ्यात माझी आरामखुर्ची आहे. ती हलवली तर वारा अंगावर येत नाही. शिवाय मशीनचा आवाज. 'घर्र घर्र' चालू असताना माणूस सूत्रं कशी रचणार?

पुढच्या आठवड्यात निर्णय घेऊ असं तिला कळवलं. ती म्हणाली, बरं.

मला वाटलं विषय मिटला. किती भोळा आहे मी.

२ मे

केसानं गळा कापला.

सकाळी अंघोळ करून बाहेर येतो तर टेप गॅलरीत हजर. नर्सबाई दारात हजर. आणि ही गणवेशांचे गठ्ठे चादरीत बांधते आहे. नर्सबाईंची पुढची खोली रिकामी असते, तिथं वारा येतो, उजेड येतो, तिथं मशीन न्यायचं ठरलंय. 'ठरलंय' म्हणे. कोणी ठरवलं? कधी? या घरात माझ्या डोळ्यांदेखत कट शिजत होता आणि मी दार लावून बसलो होतो.

मी विचारलं, मी पुढच्या आठवड्यात निर्णय घेणार होतो ना? ही म्हणाली, तुम्ही घ्या सावकाश, मला शर्ट द्यायचेत. रागावून नाही. भाजी आणायला जाते म्हणून सांगावं तसं.

मशीन लोखंडी, जड. टेपला एकट्याला झेपेना. शेवटी दुसरी बाजू मला धरावी लागली. आपल्याच घरावर पडलेल्या दरोड्याला आपणच हातभार लावायचा, हे नशिबी आलं. जिन्यात माझी बाजू खाली होती, म्हणजे सगळं वजन माझ्यावर. टेप वरून सूचना देत होता.

गॅलरीत मशीनच्या चार पायांच्या खुणा राहिल्यात. इतक्या वर्षांत फरशी तेवढीच स्वच्छ राहिली आहे.

५ मे

नवी दिनचर्या. ही चहा-नाश्ता आटपून खाली जाते, दुपारी येऊन जेवण वाढते, पुन्हा खाली. माझ्यावर राग नाही, अबोला नाही, काही नाही. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. उत्तरं तयार आहेत.

एका परीनं चांगलंच झालं. घरात शांतता. आता पुस्तकाला कोण अडवतं बघू. संकल्प : पहिलं प्रकरण शनिवारपर्यंत.

८ मे

पूर्वी मशीनचा आवाज शेजारच्या गॅलरीतून यायचा आणि मला त्रास व्हायचा. आता खालच्या मजल्यावरून खिडकीवाटे अगदी बारीक येतो. हा जास्त त्रासदायक आहे, कारण तो नीट ऐकू येत नाही. मध्येच थांबतो. मग थांबला का, पुन्हा चक्कर तर आली नसेल, असं वाटत राहतं, तोवर पुन्हा सुरू होतो. आज खिडकी लावून घेतली. मग काहीच ऐकू येईना. मग उघडली. गारवा गेला तो गेलाच.

मध्येच हसण्याचाही आवाज आला. दोघींचा. नर्सबाईंशी ही काय बोलते कोण जाणे. माझ्याविषयी असणार.

१० मे

शनिवार. पहिल्या प्रकरणाचं शीर्षक ठरलं : 'प्रस्तावना'.

१३ मे

कॉइलमधून पाणी गळायला लागलं. नेमकं पुस्तकाच्या पहिल्या पानावर. 'योग्य जागी' यातली शाई पसरून निळं तळं झालं. मिस्त्रीला फोन लावला. म्हणाला, तुम्ही घाई केलीत, पाण्याच्या नळीला उतार मिळाला नाही, मी तेव्हाच बोललो होतो. बोलला असेल. पण किती हळू बोलला असेल, की मला आठवतसुद्धा नाही. उन्हाळा संपल्यावर येतो म्हणाला. मला एसी हवा तो उन्हाळ्यात आणि हा येणार उन्हाळा संपल्यावर.

कॉइलखाली बादली ठेवली. बादली जिथं ठेवायची तिथंच माझी खुर्ची असल्यामुळे खुर्ची बाजूला सरकवली. बाजूला वारा येत नाही. म्हणून बादली मांडीवर घेऊन बसलो. तासाभरानं मान आखडली.

१७ मे

सर्दी. मान डावीकडे वळत नाही. खोलीत स्वेटर घालून बसतो, बाहेर आलो की भट्टीत आल्यासारखं होतं, म्हणून पुन्हा आत. दुपारी ही जेवायला आली. स्वेटर बघितला, सुंठ घातलेला चहा आणून ठेवला. ती निघताना म्हटलं, बस ना थोडा वेळ, गार आहे. म्हणाली, कॉलरी राहिल्यात.

कॉलरी. माणसापेक्षा कॉलरी मोठ्या झाल्या.

संध्याकाळी उगाचच गॅलरीत जाऊन युनिटसमोर उभा राहिलो. सर्दीला शेक बरा असतो. चार खुणांच्या मधोमध उभं राहिलं की वारा बरोब्बर पाठीत लागतो. जास्त वेळ उभं राहवलं नाही.

२० मे

कन्येचा फोन. रविवारी येते आहे. एकटीच, एका दिवसासाठी. सहज, म्हणाली.

सहज. मी स्टोअर्सचा माणूस. अचानक तपासणी म्हणजे काय, मला शिकवू नका. आणि तपासणी अचानक कधी येते? आतल्या कोणी खबर दिली तर. ते स्वयंपाकघरातले हळू आवाजातले फोन. तो नेहमीसारखा चेहरा. आज सगळा उलगडा झाला. फितुरी. इतकी वर्षं जिच्याबरोबर एका ताटात जेवलो, तिनं लेकीकडे माझी तक्रार केली.

फार वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे रात्री थोडं जेवलो.

२२ मे

निवेदन तयार करतोय. मुद्दे : पत्रा, काच, भिंती, पाइपची लांबी, मिस्त्रीचा बेजबाबदारपणा. सगळं तांत्रिक. भावनेला थारा नाही.

शिवाय हिला सुचवलं की फक्त रविवारपुरतं मशीन वर आणून माझ्या खोलीत ठेवू. टेपला मी स्वतः फोन करीन, जिन्यात पुन्हा खालची बाजू धरीन. याहून मोठेपणा तो काय दाखवायचा? तर म्हणाली, सोमवारी शाळेत शर्ट पोचवायचेत, आता मशीन हलवता यायचं नाही.

ऐनवेळी हात वर केले. हेच अपेक्षित होतं.

२४ मे

उद्याची तयारी पूर्ण. हिचं स्टूल गॅलरीतून आणून माझ्या खोलीत कॉइलखाली ठेवलं. शेजारी जुनी कात्री. खिडकीच्या कडीला मोजपट्टी अडकवली. एक अर्धवट शिवलेली बाही पलंगावर टाकली, सहज पडल्यासारखी. बादली पलंगाखाली, गळेल तेव्हा पायानं पुढे सरकवता येईल. कन्येनं विचारलंच तर मशीन तेलपाण्याला गेलंय.

खोली अशी सजली की क्षणभर मलाच वाटलं, ही आत्ता येऊन बसेल.

२५ मे

थोडक्यात लिहिणं जमणार नाही.

कन्या सकाळी आली. ही खालून वर आली होती, अंगावर दोऱ्याचे तुकडे. मी हातात निवेदन घेऊन उभा. कन्येनं पिशवी खाली ठेवली आणि आधी त्यातून एक शाल काढून आईच्या खांद्यावर टाकली. बारीक लोकरीची, पातळ. म्हणाली,

"फोनवर म्हणत होतीस ना, एसीत बसून खांदे गारठतात. म्हणून आणली."

मी हिच्याकडे बघितलं. हिनं माझ्याकडे बघितलं नाही. शालीचं टोक हातात धरून उभी राहिली. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा आडोशाला बसलेला, आणि हिच्या खांद्यावर लोकरीची शाल.

म्हणजे स्वयंपाकघरातून हळू आवाजात हे सांगत होती.

माझं निवेदन घडी करून खिशात गेलं. कसं गेलं मला कळलं नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. कन्या माझ्या खोलीत गेली. स्टूल, कात्री, मोजपट्टी, बाही, सगळं बघितलं. त्याच वेळी कॉइल गळलं आणि माझा पाय सवयीनं बादली पुढे सरकवायला गेला. ती गॅलरीत गेली. युनिट चालू होतं. चार खुणांच्या मधोमध ती उभी राहिली, माझ्यापेक्षा जास्त वेळ. बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते.

"बाबा, हा मी आईसाठी पाठवला होता."

पत्रा, काच, भिंती, पाइपची लांबी. खिशातलं निवेदन मी नुसतं चाचपलं. तेवढ्यात ही बोलली.

"मीच म्हटलं यांना, तुमच्या खोलीत लावा म्हणून. मला मशीनवर बसल्यावर गार वारं सोसत नाही."

असं ही कधीच म्हणाली नव्हती. मी सगळ्या नोंदी डोक्यात चाळून बघितल्या. 'हं' म्हणाली होती, 'बरं' म्हणाली होती. हे म्हणाली नव्हती. आणि खांद्यावर ती शाल, गळ्याशी घामाची धार.

आईच्या खांद्यावरची शाल कन्येनं अलगद काढली, घडी केली आणि माझ्या आरामखुर्चीवर ठेवली. मग दोघी खाली गेल्या. दिवसभर तिनं आईला बटणं लावून दिली. जेवायला वर आल्या, जेवल्या, पुन्हा खाली. माझ्याशी नीट बोलत होत्या. आमटी वाढू का, भात हवा का.

मी ठरवलं होतं की माझ्याशी दगाफटका झालाय. वीस तारखेला लिहून ठेवलंय तसं. आता ते खोडायचं म्हटलं तर तिथं दुसरं काय लिहायचं, हे सुचत नाही. दगा झाल्यासारखं तर वाटतंच आहे. फक्त करणारा सापडत नाही.

२६ मे

कन्या सकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, बाबा, पाणी पीत जा.

शर्ट शाळेत पोचले. शाळेनं आणखी काम दिलं, आता विजारी; नमुन्याच्या काही तिनं आधीच शिवल्यात. हे मला टेपकडून कळलं.

मी मिस्त्रीला फोन केला. कॉइल काढून गॅलरीत, युनिट बाहेरच्या भिंतीवर, पाइप हवा तेवढा वाढवा, उद्याच या. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो. ठीक आहे. दुपारी हिला ही बातमी दिली. मोठी बातमी द्यावी तशी दिली, आधी पाणी आणून ठेवलं वगैरे. ती म्हणाली, "राहू द्या. खाली बरंय मला. तुमचं पुस्तक व्हायचंय ना."

मी नीट कान देऊन ऐकलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर दार लावून एसी सुरू केला. खुर्चीवर शाल होती. ती उचलून पलंगावर ठेवली. पलंगावर बरी दिसेना म्हणून पुन्हा खुर्चीवर ठेवली. मग बसायला जागा उरली नाही. एसी बंद केला आणि खाली गेलो.

नर्सबाईंनी दार उघडलं आणि पाय पुसून या म्हणाल्या, सगळीकडे कापड आहे. खोली लहान आहे. मशीन खिडकीशी, एक टेबलफॅन, तो हिच्याकडे तोंड करून. ही या म्हणाली नाही, का आलात असंही म्हणाली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावरचा कपड्यांचा ढीग उचलून खाली ठेवला, तेवढंच. मी बसलो. देखरेखीला कोणीतरी लागतंच. थोड्या वेळानं तिनं छोटी कात्री हातात दिली आणि शिवून झालेल्या विजारींचे लोंबते दोरे कापायला सांगितले. स्टोअर्सचा प्रमुख होतो मी. कापले. पहिली विजार तिनं उलटीपालटी करून परत दिली, कमरेपाशी एक दोरा राहिला होता. तोही कापला.

त्या कोपऱ्यात वारा अजिबात पोचत नाही. शर्ट पाठीला चिकटला. घाम विजारीवर पडू नये म्हणून मी मान एका बाजूला करून बसलो होतो, नाहीतरी ती दुसरीकडे वळतच नाही. ते तिच्या लक्षात आलं असावं. मशीन न थांबवता विचारलं, गरम होतंय का?

म्हटलं, "छे. खांदे जरा गारठतात."

मशीन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, बऱ्यापैकी वेळ बघितलं. मग पुन्हा मशीनवर वाकली. पंखा होता तसाच ठेवला.